गिझर दुरुस्त करावा की बदलावा?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पहाटे वजूसाठी अम्मींनी न्हाणीघरातला नळ सोडला आणि हात झटकन मागे घेतला. "नळाला हात लावला की मुंग्या येतात," एवढेच त्या म्हणाल्या. थंडीने हात बधिर झाला असेल असे समजून आम्ही विशेष मनावर घेतले नाही. दोन दिवसांनी तोच झटका आम्हाला बसला, तेव्हा टेस्टर आणून नळाला लावला. दिवा लागला.

गिझर नऊ वर्षांचा, १५ लिटरचा, २००० वॉटचा. बोलावलेल्या वायरमनने झाकणही न उघडता निकाल दिला, "शेठ, वसूल झाला. आता नवा घ्या." कोणत्या दुकानातून घ्यावा तेही त्याने सोबतच सांगितले. दुसरा आला तो याच्या उलट. "बारीकसा करंट आहे, काही होत नाही, चालू द्या," असे त्याचे म्हणणे. एकाला आमच्या पैशाची फिकीर नव्हती, दुसऱ्याला आमच्या जिवाची.

आमचा धंदा कापडाचा. फाटलेला तागा समोर आला की आम्ही आधी पाहतो तो कुठे फाटला आहे. काठाजवळ भोक असेल तर रफू होतो. ताणाच कमजोर झाला असेल तर सुई मारावी तिथे नवे भोक पडते. गिझरमध्ये हा ताणा म्हणजे आतली टाकी. टाकी शाबूत असेल तर एलिमेंट, थर्मोस्टॅट, कटआउट, गॅस्केट, वॉल्व्ह हे सगळे सुटे भाग बदलता येतात. टाकीच गेली असेल तर वर केलेला खर्च पाण्यात जातो. वयाचा प्रश्न त्यानंतरचा.

बिघाड ओळखणे फार अवघड नाही. पाणी तापतच नसेल आणि दिवा मात्र लागत असेल तर बहुधा एलिमेंटची तार तुटलेली असते. प्लग काढून, एलिमेंटच्या वायरी सोडवून मीटर लावला की खात्री होते. २००० वॉटचा एलिमेंट सुमारे २६ ओहम दाखवतो, ३००० वॉटचा साडेसतराच्या आसपास. पाणी उकळून वाफ येऊ लागली तर थर्मोस्टॅट चिकटला आहे असे समजावे. आणि करंट येत असेल किंवा ईएलसीबी पडत असेल तर पहिला संशय एलिमेंटच्या नळीवर घ्यावा. या नळीत तारेभोवती पांढरी भुकटी दाबून भरलेली असते. नळीला चीर पडली की भुकटी ओली होते आणि वीज पाण्यात उतरते. ही गळती मीटरवर नेहमी दिसत नाही, त्यासाठी मेगर लावावा लागतो.

गळतीच्या बाबतीत मात्र घाई करू नये. खालच्या सेफ्टी वॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडतात, ते त्याचे कामच आहे. पाणी गरम झाले की फुगते आणि तिथून वाट काढते. ते पाहून टाकी फुटली असे सांगणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. पत्र्याच्या सांध्यातून, गंजाचा लालसर रंग घेऊन पाणी झिरपत असेल तर मात्र टाकी गेली. आतून काचेसारखा मुलामा असलेल्या पोलादी टाकीला वेल्डिंग चालत नाही, उष्णतेने मुलामाच उडतो. आमच्या पेढीच्या माडीवरच्या गिझरला आम्ही दोनदा लांबी भरून घेतली होती. दोन्ही वेळचे पैसे फुकट गेले आणि शेवटी नवा घ्यावाच लागला.

जुन्या तांब्याच्या टाकीची गोष्ट वेगळी. तिला चांगला कारागीर झाळून देतो. बदलायचीच झाली तरी एक्स्चेंजमध्ये देण्याआधी भंगारवाल्याकडे तांब्याचा भाव विचारून घ्यावा. दुकानदार डब्याचा भाव देतो, भंगारवाला तांब्याचा.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांना क्षारांचा त्रास होतो. लोक समजतात की क्षार साचल्याने वीज फार खाल्ली जाते. एलिमेंट पाण्यातच बुडालेला असतो, त्यामुळे त्याची उष्णता शेवटी पाण्यालाच मिळते. खरे नुकसान असे की क्षारांच्या थराखाली एलिमेंट स्वतः जास्त तापतो आणि लवकर जळतो. मुलाम्याच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अॅनोड रॉड म्हणतात. पाणी टाकीऐवजी तिला खाते. ती संपली की टाकीची पाळी येते. भाग स्वस्त आहे, पण गिझर उघडल्यावरही फार थोडे मिस्त्री तिच्याकडे पाहतात. आपणच सांगावे.

नवा घेतला की विजेत बचत होईल, असे दुकानदार हमखास सांगतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागते. गिझर जुना असो वा नवा, हा आकडा बदलत नाही. पट्टीवरचे तारे तापवून ठेवलेले पाणी थंड होताना किती वीज वाया जाते यावर दिलेले असतात. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्या लॉजवाल्याला त्याचा फायदा आहे. वीस-पंचवीस मिनिटे लावून बंद करणाऱ्या घराला फारसा नाही. नवा घ्यायचाच झाला तर आयएसआय चिन्ह आणि टाकीची वेगळी वॉरंटी किती वर्षांची आहे ते आधी पाहावे.

एका कामाला मात्र कधीही हो म्हणू नये. सुटा भाग मिळत नाही म्हणून काही जण कटआउट 'डायरेक्ट' करून देतात किंवा ठिबकणारा वॉल्व्ह बंद करून टाकतात. असा गिझर चालतो, पण थर्मोस्टॅट चिकटला तर त्याला थांबवणारे काही उरत नाही आणि टाकी फुटू शकते. अस्सल भाग मिळत नसेल तर टाकी चांगली असली तरी गिझर बदलावा.

आमच्या घरी तिसरा मिस्त्री आला, वयस्कर. त्याने आधी सॉकेट उघडले. अर्थिंगची वायर तुटून बाजूला पडली होती, केव्हापासून कोण जाणे! गिझर खाली उतरवला तेव्हा एलिमेंटच्या नळीला बोटभर चीर निघाली. टाकीत क्षारांचा थर होता, पण गंज नव्हता. एलिमेंट, गॅस्केट, अॅनोड रॉड आणि मजुरी मिळून नव्याच्या पाव किमतीत काम झाले. त्याच्याच सांगण्यावरून ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवला. तो खर्च गिझरच्या दुरुस्तीहून जास्त आला आणि आम्ही तो घासाघीस न करता दिला. अर्थिंग तुटली होती आणि ईएलसीबीही नव्हता, तेव्हा ते दोन दिवस अम्मी कशा वाचल्या हे आम्हाला आजही समजत नाही.

गिझर अजून चालू आहे. अम्मी मात्र बटण बंद केले का, हे विचारल्याशिवाय नळाला हात लावत नाहीत.