कुत्र्याला हाड द्यावे, पण कोणते?

रविवारच्या जेवणानंतर ताटांतली हाडे एका भांड्यात गोळा करून अंगणातल्या कुत्र्यापुढे ठेवण्याची रीत गोव्यातल्या अनेक घरांत आहे. अन्न वाया जाऊ नये आणि मुक्या जनावरालाही गोडधोड मिळावे, हा त्यामागचा हेतू. मात्र कुत्र्याच्या जिवाला सर्वाधिक धोका असतो तो याच, रश्शात शिजलेल्या हाडांपासून. कच्चे हाड त्या मानाने कमी धोक्याचे असते. पण तेही सरसकट निर्धोक नाही.

हाडात खनिज क्षार आणि कोलॅजन नावाचे प्रथिन यांची वीण असते. क्षारांमुळे हाडाला कठीणपणा येतो, तर कोलॅजनमुळे लवचीकता. शिजवताना या कोलॅजनचे जिलेटिन होऊन ते रश्शात उतरते. पायाचे सूप थंड झाल्यावर थिजते ते त्यामुळेच. मागे उरलेले हाड ठिसूळ होते आणि चावताच त्याच्या टोकदार फाका होतात. घसा, अन्ननलिका किंवा आतडे त्यांनी फाटू शकते. कुकरमध्ये भुसभुशीत झालेली हाडेही जास्त प्रमाणात पोटात गेली, तर मलाचा दगडासारखा गोळा होऊन अडतो. त्यातच रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतो. म्हणून शिजवलेले, भाजलेले वा तळलेले हाड कधीही देऊ नये, हा पहिला नियम.

कच्च्या मांसल हाडांचा पुरस्कार मुख्यतः ऑस्ट्रेलियातून झाला. तेथील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये पुस्तक लिहून हा आहार लोकप्रिय केला. दुसरीकडे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कुत्र्यांना हाडे न देण्याचा सल्ला दिला, तर अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०१२ मध्ये कच्च्या प्राणिज आहाराविरुद्ध भूमिका घेतली. हाड चघळल्याने दातांवरचे कीटण कमी होते आणि कुत्र्याचे मनही रमते, हे खरे. त्या लाभासाठी किती जोखीम पत्करायची, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

निवड कशी करावी

मांसल हाड म्हणजे भोवती भरपूर मांस असलेले, तुलनेने मऊ हाड. कोंबडीचा पाठीचा सांगाडा, बोकडाच्या मानेचा किंवा बरगड्यांचा अखंड तुकडा ही त्याची उदाहरणे. तुकडा कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठा असावा, म्हणजे तो गिळण्याऐवजी कुरतडावा लागतो. चिकन सेंटरवर मिळणारे ‘करी कट’ तुकडे नेमके चुकीच्या मापाचे असतात: सहज गिळता येतील इतके लहान आणि सुऱ्याने कडा धारदार झालेले. त्यामुळे हाड अखंडच मागून घ्यावे.

बोकडाच्या किंवा गुराच्या पायाची नळी टाळावी. जनावराचा भार पेलणारे हे हाड इतके कठीण असते की कुत्र्याची वरची मोठी दाढ त्यावर तडकते. नळीतल्या मज्जेत चरबी फार असते; तिने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. नळीची आडवी कापलेली कडी खालच्या जबड्यात अडकून बसते, हा आणखी एक धोका. अंगठ्याचे नख दाबून ज्यावर खूण उमटत नाही, ती वस्तू कुत्र्याच्या दातांसाठी फार कठीण समजावी. परजीवींच्या धोक्यामुळे डुकराचे कच्चे मांस आणि हाडे देऊ नयेत. माशांचे काटेही टाळावेत.

जंतूंचा प्रश्न

कच्च्या मांसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जिवाणू असू शकतात. कुत्रा स्वतः ठणठणीत दिसला, तरी त्याच्या विष्ठेतून ते बाहेर पडत राहतात. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ मधील संशोधनात कच्ची कोंबडी, विशेषतः तिची मान, खाणे आणि कुत्र्यांमधील एक प्रकारचा पक्षाघात यांचा संबंध आढळला. मांस फ्रीझरमध्ये ठेवल्याने काही परजीवी मरतात. जिवाणू मात्र बहुतांशी तग धरतात. ज्या घरात तान्ही मुले, गर्भवती, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेली माणसे आहेत, तिथे कच्चे हाड न देणेच शहाणपणाचे.

बोकडा-मेंढ्याचे कच्चे काळीज वा फुप्फुस कुत्र्याला कधीही घालू नये. त्यातल्या गाठींमधून कुत्र्याला एक प्रकारचा फीतकृमी होतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात गाठी वाढतात. हाच हायडॅटिड रोग.

देताना घ्यायची काळजी

हाड ताजे असावे किंवा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवलेले असावे. कुत्रा भुकेला असताना ते देऊ नये. भुकेपोटी तो गिळण्याची घाई करतो. दोन कुत्रे असतील तर त्यांना वेगवेगळे बसवावे. धुता येईल अशा फरशीवर हाड द्यावे आणि शेवटपर्यंत लक्ष ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेला भाग काढून घ्यावा. दमट हवेत मांस लवकर बिघडते. तो हिसकावून न घेता दुसऱ्या खाऊच्या बदल्यात सोडवावा, अन्यथा चावा बसण्याची भीती. त्यानंतर हात, भांडी व फरशी साबणाने धुवावीत.

आठवड्यातून एक-दोनदा, तेही नेहमीच्या समतोल आहाराला जोड म्हणून, एवढे पुरे. विष्ठा पांढरट, खडूसारखी कोरडी झाली तर हाडे जास्त झाली असे समजावे. दुधाचे दात असलेली पिल्ले, दात झिजलेले म्हातारे कुत्रे, अधाशीपणे गिळणारे, तसेच मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेले कुत्रे यांना हाडे देऊ नयेत.

हाड खाल्ल्यानंतर लाळ गळणे, वारंवार उबळ येणे, उलट्या, पोट फुगणे, कुंथणे किंवा विष्ठेत रक्त दिसणे यांपैकी काहीही आढळले तर त्वरित पशुवैद्यांकडे न्यावे. उलटी करवू नये. केळे, भात किंवा तूप भरवून हाड खाली ढकलण्याचा प्रयत्नही करू नये. अन्ननलिकेत अडकलेले हाड काही तासांतच तिला इजा करू लागते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना उरलेसुरले घालणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. त्या कुत्र्याच्या घशात काय अडकले, हे पाहायला नंतर कोणी तिथे नसते. हाडाविना कुत्र्याचे काही अडत नाही. मीठ-मसाल्याविना उकडलेले, हाडे काढलेले मांस आणि भात त्याला तितकाच प्रिय असतो.