समन्स न घेतल्याने लग्न टिकत नाही

कोर्टाची पायरी : लेखांक ७

"मी सहीच करणार नाही. बघू कसा मिळतो घटस्फोट!" हे वाक्य आपल्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने बोललं जातं. कधी नवरा बोलतो, कधी बायको, आणि बऱ्याचदा दोघांच्याही वतीने घरातले एखादे जाणते मामा किंवा काका. घटस्फोट म्हणजे दोघांनी सह्या करायचा कागद, आणि एकाने पेन खाली ठेवलं की विषय संपला, असा त्यामागचा समज असतो.

हा समज अर्धाच खरा आहे. मागच्या लेखात आपण परस्पर संमतीचा घटस्फोट पाहिला. तिथे दोघांची संमती शेवटपर्यंत टिकावी लागते, त्यामुळे एकाने पाठ फिरवली की काम थांबतं. मुंबईतल्या एका जोडप्याच्या खटल्यात नवरा दुसऱ्या टप्प्यावर हजरच राहिला नाही. कुटुंब न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीतून त्याची संमती कायम असल्याचं गृहीत धरलं आणि घटस्फोट दिला. सर्वोच्च न्यायालयाला २००९ साली ते मान्य झालं नाही. गप्प बसणं म्हणजे होकार, हे संमतीच्या अर्जात चालत नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खालचा एकतर्फी मागितलेला घटस्फोट वेगळा. क्रूरता, किमान दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार अशा कारणांसाठी जोडीदाराविरुद्ध हा दावा लावतात. तिथे समोरच्याची सही कोणी मागतच नाही. मागितलं जातं ते त्याचं म्हणणं. ते दिलं नाही तर न्यायालय पुढे जातं.

दोन कागदांत गल्लत नको. वकिलाची नोटीस ही पक्षकाराच्या वतीने लिहिलेली चिठ्ठी असते. तिला उत्तर दिलं नाही म्हणून कोणाचा घटस्फोट होत नाही, फार तर "नोटीस देऊनही उत्तर आलं नाही" असं पुढे दाव्यात लिहिलं जातं. न्यायालयाचा शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असलेलं समन्स मात्र वेगळं. पुण्या-मुंबईत ते कुटुंब न्यायालयातून येतं. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयातून येतं.

समन्स चुकवण्याच्या लोकांच्या युक्त्या आणि त्यांवर दिवाणी प्रक्रिया संहितेने करून ठेवलेली तोड, हे प्रकरण मोठं गमतीचं आहे. बेलिफ आल्यावर "साहेब घरी नाहीत" असं सांगितलं जातं. साहेब लवकर सापडण्यासारखे नसतील, तर सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीकडे समन्स देता येतं. घरकामाला येणाऱ्या बाईंकडे किंवा नोकराकडे दिलेलं चालत नाही, कारण संहिता नोकराला कुटुंबीय मानत नाही. हातात घ्यायला नकार दिला, तर बेलिफ समन्सची प्रत दारावर चिकटवतो. घर कोणी दाखवलं आणि कोणासमक्ष चिकटवलं, हे लिहून तो अहवाल देतो. पोस्टाचं पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा लागून परत आलं, तर समन्स बजावलं गेलं असंच धरता येतं. पत्ता बरोबर असेल, टपाल रीतसर पाठवलं असेल आणि तीस दिवसांत पोचपावती परत आलीच नाही, तरीही न्यायालय तसं जाहीर करू शकतं.

एवढं करूनही माणूस हाती लागत नसेल तर अर्जदार पर्यायी बजावणी मागतो. समन्सची प्रत न्यायालयाच्या आवारात आणि शेवटच्या माहीत असलेल्या घरावर लावली जाते, किंवा त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहीर नोटीस छापली जाते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत त्या नोटिसा असतात. आपण पान उलटतो, पण कायद्याच्या लेखी ती बजावणी प्रत्यक्ष हातात दिल्याइतकीच परिणामकारक असते. अलीकडे मोबाइलचीही भर पडली आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचं मानलं. समोरच्याने ती उघडून पाहिल्याची खूण तिथे दिसत होती. ते प्रकरण घटस्फोटाचं नव्हतं, पण दार बंद करून बसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं असं नक्कीच होतं.

बजावणी पूर्ण झाली, तारखेला कोणी आलं नाही, की न्यायालय दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश करतं. लेखी कैफियत द्यायला एरवी तीस दिवस मिळतात, मुदतवाढ धरून फार तर नव्वद. पोलीस येऊन कोणाला उचलून नेत नाहीत, कारण हा दिवाणी मामला आहे.

इथे अर्जदाराच्या बाजूचा गैरसमजही काढून टाकला पाहिजे. "समोरचा आला नाही, आता हुकूमनामा खिशात" असं समजून बरेच जण ढिले पडतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ मुद्दाम वाचण्यासारखं आहे. दाव्याला विरोध झालेला असो वा नसो, घटस्फोटाचं कारण खरोखर आहे याची न्यायालयाची खात्री पटलीच पाहिजे, असं ते म्हणतं. अर्जदार स्वतःच्याच चुकीचा फायदा उठवत नाही ना, क्रूरतेला आधी माफी दिली नव्हती ना, दोघांची मिलीभगत नाही ना, विनाकारण उशीर झालेला नाही ना, हे सगळं पाहायचं असतं. म्हणून एकतर्फी दाव्यातही शपथपत्रावर सरतपास द्यावा लागतो, कागद दाखल करावे लागतात, लागले तर साक्षीदार आणावे लागतात. पुरावा तोकडा असेल तर समोरची खुर्ची रिकामी असतानाही दावा फेटाळला जाऊ शकतो. उलटतपास घ्यायला कोणी नाही, म्हणून न्यायाधीशांनी प्रश्न विचारू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही.

मग गप्प बसलेल्याचं नुकसान काय? लग्न मोडणं हे त्यातलं सर्वांत मोठं नुकसान असेलच असं नाही, अनेकदा ते आधीच मोडलेलं असतं. खरं नुकसान आपली बाजू नोंदीवर न येण्याचं आहे. "ती क्रूर होती", "त्याने सोडून दिलं" ही विधानं कोणी खोडून न काढल्याने निकालपत्रात तशीच उतरतात आणि पुढच्या प्रत्येक भांडणात बाहेर येतात. दाव्यादरम्यानची पोटगी आणि दाव्याचा खर्च कलम २४ खाली मागता येतो, पण त्यासाठी हजर राहून अर्ज करावा लागतो. ज्या बाईचं घर या पैशावर चालू शकलं असतं, तिलाच घरचे "जाऊ नकोस, आपोआप थकतील" असा सल्ला देतात, तेव्हा चीड येते. कायमच्या पोटगीचा अर्ज हुकूमनाम्यानंतरही करता येतो आणि मुलांच्या ताब्याचे आदेश बदलून मिळू शकतात, म्हणजे सगळं संपत नाही. मधली वर्षं मात्र हातची जातात.

नवऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. बायकोने पोटगीचा वेगळा अर्ज लावला आणि नवरा समन्स मुद्दाम टाळतोय असं न्यायाधीशांना दिसलं, तर तोही एकतर्फी चालतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली आहे. आदेश होऊनही पैसे थकवले तर तिथे तुरुंगवास होऊ शकतो. "दिवाणी मामला आहे, काय करतील" ही मिजास त्या दारात चालत नाही.

उशिरा जाग आली तर परतीची वाट असते. निकाल व्हायचा असेल, तर गैरहजेरीचं पटण्यासारखं कारण देऊन दाव्यात पुन्हा सामील होता येतं. एकतर्फी आदेशाने माणसाचा बोलण्याचा हक्क कायमचा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच सांगून ठेवलं आहे. हुकूमनामा होऊन गेला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली करतात. समन्स नीट बजावलंच नव्हतं, किंवा हजर न राहण्याला पुरेसं कारण होतं, यांपैकी एक दाखवावं लागतं. मुदत हुकूमनाम्यापासून तीस दिवसांची असते. समन्स बजावलंच गेलं नसेल, तर हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून तीस दिवस मोजतात. वर्तमानपत्रातल्या नोटिशीवर भागवलेली बजावणी या मुदतीपुरती नीट बजावणी धरत नाहीत, ही कायद्याने ठेवलेली सवलत आहे. पण तारीख माहीत होती, वेळही होता, फक्त कागदात बारीकशी त्रुटी राहिली, एवढ्यावर हुकूमनामा रद्द होत नाही. अपिलाचा मार्ग वेगळा, त्याला हिंदू विवाह कायद्यात नव्वद दिवस आहेत.

काही अर्जदार मुद्दाम जुना पत्ता देतात, बायको माहेरी असताना सासरचाच पत्ता टाकतात, आणि गुपचूप हुकूमनामा मिळवतात. असा हुकूमनामा उघडा पडला की टिकत नाही, आणि तोवर दुसरं लग्न उरकलेलं असेल तर गुंता भयंकर होतो. अपिलाची मुदत संपेपर्यंत पुन्हा लग्न करू नये, हे कलम १५ सांगतंच. १९६७ सालच्या एका प्रकरणात नवऱ्याने उच्च न्यायालयात घटस्फोट मिळताच दुसरं लग्न केलं आणि त्याला मूलही झालं. सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की लग्नाची घाई करून पहिल्या पत्नीचा दाद मागण्याचा हक्क हिरावून घेता येणार नाही.

आता राहिला अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून येणारा कागद. कोथरूडच्या किंवा साताऱ्याच्या माहेरी परतलेल्या मुलीच्या हाती कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाचे कागद पडतात आणि उत्तराला तीस दिवस असल्याचं लिहिलेलं असतं. इथलं गणित निराळं आहे. अशाच एका खटल्यात नवऱ्याने अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातून घटस्फोट आणला होता. १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. पत्नीने त्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र स्वखुशीने स्वीकारलं नव्हतं, आणि घटस्फोटाचं कारणही हिंदू विवाह कायद्यात बसणारं नव्हतं. म्हणजे तिकडे घटस्फोटित आणि इकडे विवाहित, अशी स्थिती होऊ शकते. शिवाय परदेशी समन्स भारतात बजावण्याबाबतच्या हेग कराराखाली भारताने थेट टपालाने बजावणी करायला हरकत घेतलेली आहे, ते केंद्रीय कायदा मंत्रालयामार्फत यावं लागतं.

म्हणून परदेशी कागद फाडून टाकावेत असं नाही. तिथलं घर, तिथलं बँक खातं आणि तिथे असलेलं मूल यांच्यावर तिथल्याच न्यायालयाचा हुकूम चालतो. शिवाय घाईने साधं उत्तर पाठवलं तर अधिकारक्षेत्र स्वीकारल्यासारखं होऊ शकतं. तेव्हा उत्तर द्यायचं की अधिकारक्षेत्रालाच हरकत घ्यायची, हे दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या वकिलाला विचारूनच ठरवावं. गोव्यातल्या वाचकांना तर आधी स्थानिक वकील गाठावा लागेल, तिथला पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा वेगळा आहे.

प्रवास झेपत नाही किंवा लहान मूल आहे, ही अडचण खरी असते. त्यासाठी दावा दुसऱ्या गावच्या न्यायालयात वर्ग करण्याचा अर्ज करता येतो, आणि पत्नीची गैरसोय तिथे गांभीर्याने पाहिली जाते. वकिलाची फी परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. समन्स हाती आलं असेल तर त्यावरची तारीख आज कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि तारखेच्या आधी समन्स व दाव्याची प्रत घेऊन त्या कार्यालयात जा.