मोतीबागेतली छोटी गाडी

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की घरोघरी एकच प्रश्न असतो, "आई, कुठे जायचं?" मुलांना मॉल हवा असतो, यजमानांना घरीच लोळत पडायचं असतं आणि आपल्याला कोणी विचारलेलंच नसतं! या वेळी मात्र मी ठरवूनच टाकलं. नागपूरला जायचं, पण मॉलमध्ये नाही, मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय बघायला. आणि सासूबाईंनाही सोबत न्यायचं.

"मोतीबाग? आपल्या दारव्ह्याचं का वं?" सासूबाईंनी लगेच विचारलं. त्यांचंही बरोबरच होतं. दारव्ह्याच्या स्टेशनचं नाव दारव्हा मोतीबाग. आमच्या कारंज्याहून शकुंतला गाडी तिथूनच पुढे यवतमाळला जायची. म्हटलं, "नाही आई, हे नागपूरचं. पण गाडी तशीच, आपल्या शकुंतलेसारखी."

सकाळी सहालाच निघालो. डब्यात पोळ्या, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि उरलेला फराळ. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून कारंज्याच्या लोकांना नागपूर अगदी जवळ झालंय. गप्पांच्या नादात पोचलोसुद्धा.

हे संग्रहालय दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेलं. वाफेची इंजिनं, जुने डबे, कंदील, घड्याळं, सिग्नलची अवजारं असं बरंच काही जपून ठेवलंय. लहान मुलांसाठी छोटी गाडीही आहे. नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. छिंदवाड्याच्या मार्गावर आता मोठे रूळ. त्यामुळे ही छोटी गाडी मुलांना दाखवायची तर अशा ठिकाणीच आणावं लागतं.

"आई, हे रूळ इतके अरुंद का?" लेकीने विचारलं. मैत्रिणींनो, आपल्या साडीचा पन्हा साधारण ४५ इंचांचा असतो ना? या दोन रुळांमधलं अंतर फक्त ३० इंच, म्हणजे अडीच फूट! ब्रॉडगेजचं साडेपाच फूट. रूळ अरुंद असले की जागा कमी लागते, पूल लहान लागतात, वळण आखूड घेता येतं आणि खर्च वाचतो. म्हणून डोंगराळ किंवा कमी रहदारीच्या भागात अशा गाड्या टाकल्या. वाशिमची गाडी मधल्या मापाची, मीटरगेज. पूर्णा ते अकोला हा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला, हे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल.

मुलाला प्रश्न पडला, "मुंबईची ट्रामपण अशीच होती का?" ट्राम धावायची शहराच्या रस्त्यावर. मुंबईत ९ मे १८७४ ला ती सुरू झाली तेव्हा घोडे ओढायचे, १९०७ पासून विजेवर चालू लागली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. तिच्या आठवणी बेस्टने आणिक आगारातल्या संग्रहालयात जपल्या आहेत. आपल्या वऱ्हाडाची गोष्ट वेगळी. आपली गाडी आली ती कापसासाठी. इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीने ही लाईन टाकली. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. शेतातला कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांना. गंमत बघा, शकुंतलेचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली बनलेलं! १९२३ पासून ते या रुळांवर होतं. एप्रिल १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. आता तर गाडीच बंद आहे.

हे सगळं मी मुलांना सांगत होते आणि सासूबाई दिसेनात! बघते तर एका डब्यापाशी उभ्या. दाराच्या दांडीवर हात ठेवलेला. डोळे भरलेले.

"काय झालं आई?"

"काही नाही वं. अशीच दांडी होती. लगन झाल्यावर पयल्यांदा माहेराले चालली होती मी, तं मामंजीनं याच दांडीले धरून मले वर चढवलं."

सासूबाईंचं माहेर लाडखेडचं. १९७१ साली त्या कारंज्यात आल्या. मग त्या बोलतच राहिल्या. गाडी इतकी हळू चालायची की फाटक लावायला गाडीतलाच माणूस खाली उतरायचा. बायका गाठोडी घेऊन बसायच्या, ओळखी व्हायच्या. तिकीट स्वस्त, त्यामुळे घरात पैसे मागताना जीव खाली-वर व्हायचा नाही. "एकटीनं जाता ये. कोणी नाई म्हने नाही. गाडी आपलीच होती ना!"

"आणि आता?" मी सहज विचारलं.

"आता काय! बस बदला लागते. पायरी उंच, गुडघे चालत नाही. चार वर्सं झाली भावाले पायलं नाही. तो बी थकला."

मी गप्पच झाले. बचत गटाच्या कामासाठी मी गावोगाव फिरते. बायकांना विचारते, घरात तुमचं कोण ऐकतं, मनासारखं कुठे जाता का? आणि माझ्याच घरातली बाई चार वर्षांपासून माहेरी गेलेली नाही, हे मला इतक्या लांब येऊन एका बंद डब्यापुढे कळावं! आम्हाला वाटायचं, त्यांना आता जावंसंच वाटत नसेल. त्यांना वाटायचं, कशाला कोणाला त्रास. गाडी बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रात रुळांचं आलं, कंपनीचं आलं, ब्रॉडगेजच्या मागणीचं आलं. कितीजणींचं माहेर लांब गेलं, ते कोणी मोजलं नाही. आम्ही घरातल्यांनीही नाही.

दुपारी झाडाखाली बसून झुणका-पोळी खाल्ली. मुलं छोट्या गाडीत बसून आली. सासूबाई नातीला म्हणाल्या, "आमची याच्यापेक्षा जोरात पळे हो!" आणि स्वतःच हसल्या. मॉलचं नावही कोणी काढलं नाही.

मैत्रिणींनो, नागपूरला गेलात तर हे संग्रहालय जरूर बघा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून न्या. इंजिनाचं वर्ष पाटीवर वाचता येतं, पण त्या गाडीत कोण बसायचं आणि कशासाठी, हे त्यांनाच विचारावं लागतं.

परतताना अंधार पडला होता. सासूबाई खिडकीशी डुलक्या घेत होत्या. यजमान गाडी चालवता चालवता हळूच म्हणाले, "येत्या रविवारी लाडखेडला जाऊन येऊ. मामाला फोन कर."

मागून झोपेतला आवाज आला, "सकाळीच निघू. अन् फराळाचा डबा भरजो वं."