पाथरी कुणाच्या ताब्यात? गावाच्या गोष्टीचा गंजिफा

एखाद्या विषयावर पत्त्यांचा संच करायचा म्हटलं की बहुतेक जण चित्रांना हात घालतात. नेहमीचे बावन्न पत्ते घ्यायचे, राजाच्या जागी किल्लेदार काढायचा, राणीच्या जागी गावची देवी, पाठीवर गावाचं नाव. झाला कॅट तयार. दिसायला छान, पण दोन डावांत चित्रं विसरली जातात आणि खेळणारे आपला जुना बदाम सातच खेळत राहतात. विषय पानावर असतो, डावात नसतो. तो डावात कसा उतरवायचा, याचा उत्तम नमुना आपल्याकडे सावंतवाडीत आहे. त्याच्या आधाराने आपण परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा एक संच बांधून पाहू.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, म्हणजे बारा पानं, एकूण 120. पानं गोल. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी चिन्हं असतात. काही चिन्हं संचागणिक बदलतात. तिघे खेळतात, प्रत्येकाला 40 पानं येतात. रूढ खेळात हुकूम नसतो. उतारीच्या रंगाचं सगळ्यात जड पान हात घेतं, म्हणून कुठली पानं पडून गेली हे लक्षात ठेवणाऱ्याचीच सरशी होते.

आता यातल्या दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली उतारीची. खेळ दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातात त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. सूर्यवंशातला राम दिवसाचा आणि मध्यरात्री जन्मलेला कृष्ण रात्रीचा, हे ज्याला माहीत आहे त्याला नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. दुसरी गोष्ट पानांच्या वजनाची. राजा आणि प्रधान सगळ्या रंगांत वर. पण त्यांच्याखाली पाच रंगांत दश्शी जड आणि एक्का हलका, तर उरलेल्या पाच रंगांत नेमकं उलट, एक्का जड आणि दश्शी सगळ्यात हलकी. नवख्याचा इथे हमखास गोंधळ उडतो. संच बांधणाऱ्यासाठी मात्र ही मोठी सोय आहे. अर्ध्या रंगांत जास्त ते भारी आणि अर्ध्या रंगांत कमी ते भारी, अशी सोय असली की विषयातल्या दोन वेगळ्या दुनिया एकाच संचात नांदू शकतात.

अंकांच्या पानांवर काय काढायचं, याचं उत्तर अकबराच्या दरबारात सापडतं. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त गंजिफाचं सविस्तर वर्णन केलं आहे. जुन्या संचात बारा राजे, बारा रंग, 144 पानं. अश्वपती दिल्लीच्या बादशहासारखा, गजपती ओरिसाच्या राजासारखा, पायदळाचा नरपती विजापूरच्या सुलतानासारखा. अकबराने त्यात फेरफार केले. धनपतीच्या रंगात राजा पैसे वाटतो आहे, वजीर खजिना तपासतो आहे आणि खालच्या दहा पानांवर टांकसाळीतली व खजिन्यातली माणसं: जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, तोलणारा, नाणी पाडणारा, हिशेबनीस. एकेका रंगात एकेक कारखाना उभा केलेला. मला हा अकबराचा संच दशावताराहूनही जास्त शिकवणारा वाटतो, कारण त्यात दुर्री-तिर्रीलाही काम दिलेलं आहे.

याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून पाथरीची नोंद आहे. पाथरीचं नाव काढलं की आज साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद निघतो; तो आपण बाजूला ठेवू, वादावर पत्ते खेळू नयेत. संचासाठी सोळाव्या शतकातली गोष्ट अधिक सोयीची. इतिहासकार फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे बहमनी वजीर मलिक हसन हा मुळात पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातल्या ब्राह्मणाचा मुलगा. त्याचा मुलगा मलिक अहमद याने 1490 मध्ये निजामशाही स्थापली. पाथरी मात्र वऱ्हाडच्या इमादशाहीत राहिली. पुढे बुऱ्हाण निजामशहाने दुसरा परगणा घ्या आणि आमच्या पूर्वजांचं गाव द्या, अशी मागणी केली. अल्लाउद्दीन इमादशहाने नकार दिला. 1518 मध्ये निजामशाही फौजेने पाथरी घेतली, पुढे इमादशहाने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या मदतीने ती परत मिळवली, ती पुन्हा बुऱ्हाणने जिंकली आणि शेवटी तिथल्या आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम देऊन टाकली. बाबराने सिंधमध्ये शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद 1527 ची आहे, म्हणजे खेळ आणि भांडण एकाच काळातले.

या गोष्टीत काय भरलं आहे? एक गाव, जे हात बदलतं. तेच डावाचं मर्म.

रंग सहा घेऊ. सहा बारे बहात्तर. तिघांत 24-24 पानं नीट वाटली जातात. कितीही रंग घेतले तरी आधी हा भागाकार करून पाहावा. तीन रंग सत्तेचे: निजामशाही, इमादशाही, कुतुबशाही. मलिक हसनच्या नावात ‘बहिरी’ आहे, म्हणून निजामशाहीला बहिरी ससाणा. इमादशाहीला गाविलगडाचा बुरूज. कुतुबशाहीला गोवळकोंड्याचा हिरा. या तिन्हींत दश्शी जड, कारण फौज जितकी मोठी तितकी भारी. उरलेले तीन रंग गावाचे: लेखणी, नाव आणि बोंड. यांत एक्का जड. लेखणीत देशपांडे राजा आणि कुलकर्णी प्रधान; त्यांच्याखाली एकट्याने ओढलेली एक रेघ दहा कारकुनांच्या बाडाला भारी. नावेचा रंग गोदावरीचा. तालुक्याला ती लागून वाहते, ढालेगावला आज तिच्यावर बंधारा आहे, पण जुन्या काळी नावाडीच तारणारा. पाणी जितकं वाढेल तितकी नाव हलकी, म्हणून दश्शी म्हणजे पूर. बोंडाच्या रंगात अकबराची युक्ती वापरायची: एक्क्यावर नांगरणी, मग पेरणी, खुरपणी, वेचणी, सरकी काढणं, पिंजणं, सूत कातणं, ताणा लावणं, विणणं आणि दश्शीवर रंगवणं. इथे एक्का जड असल्याने नांगर सगळ्यांच्या वर बसतो, आणि ते मला पटतं.

अकबराच्या पद्धतीत एक धोका आहे. चित्र गुंतागुंतीचं झालं की पान किती आकड्याचं ते चटकन कळत नाही. म्हणून चित्र मध्ये आणि बोंडं कडेने मोजून काढावीत. गोल पानं हातात पंख्यासारखी धरली की फक्त कड दिसते. रंग आणि आकडा तिथेच कळायला हवा. प्रत्येक रंगाची जमीन वेगळी ठेवण्याची जुन्या चिताऱ्यांची रीत त्यासाठीच उपयोगी आहे.

आता नियम. बहात्तर पानांखेरीज एक पान वेगळं करायचं: पाथरी. ते वाटायचं नाही, समोर मांडायचं. बुरुजाचा राजा ज्याला येईल त्याच्यासमोर सुरुवातीला पाथरी, आणि पहिली उतारीही त्याचीच. उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाकायचा. ससाण्याच्या किंवा बुरुजाच्या राजाने अथवा प्रधानाने हात घेतला, की पाथरी तो हात जिंकणाऱ्याकडे जाते.

गुण कसे द्यायचे, यावर सगळा खेळ अवलंबून आहे. शेवटी पाथरी ज्याच्याकडे त्याला मोठं बक्षीस, असं सहज सुचतं. पण तसं केलं तर ज्याच्याकडे राजा आहे तो त्याला शेवटच्या हातापर्यंत दाबून बसेल आणि मधले वीस हात नुसते पानं टाकण्यात जातील. विषयाकडे परत गेलं की उत्तर मिळतं. सुलतानांना परगणा कशाला हवा असतो? मानासाठी, आणि महसुलासाठी. म्हणून साध्या हाताला एक गुण, पण पाथरी समोर असताना जिंकलेल्या हाताला दोन. ज्या हाताने पाथरी मिळाली त्याला मात्र एकच. आता गाव लवकर घेण्यात फायदा आहे, टिकवण्यातही आहे, आणि शेवटच्या हाताला घेऊन काहीच जास्त मिळत नाही.

हिऱ्याच्या राजाने हात घेतला, तर त्याचा धनी पाथरी स्वतःला घेऊ शकत नाही. उरलेल्या दोघांपैकी एकाकडे ती सोपवतो. कुतुबशहाने मदत केली, गाव घेतलं नाही, तेच इथे. पाथरी ज्याच्याकडे आहे त्याच्याच हातात हा राजा असला तर इतर दोघे हिऱ्याची उतारी करकरून तो बाहेर काढायला बघतात, आणि मग खरी दरबारी खलबतं सुरू होतात. शेवटचा नियम लेखणीच्या एक्क्याचा. त्याने हात घेतला की पाथरी इनामात गेली. पान उचलून बाजूला ठेवायचं, पुढे सगळे हात एकेका गुणाचे. मागे पडलेल्याच्या हातातलं हे शस्त्र, पण देशपांडे आणि कुलकर्णी पडून जाईपर्यंत त्याचा भरवसा नाही.

विशेष पानं इतकीच: बहात्तरांत सहा. मोह होतो की प्रत्येक राजाला काही करामत द्यावी. देऊ नये. का, ते रिचर्ड गारफिल्डने केलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या 1993 च्या खेळात दिसतं. तिथे विकतच्या पुड्यांतून पानं जमवून निदान 60 चा संच करतात. एक पान चारपेक्षा जास्त घेता येत नाही. अपवाद मुळच्या जमिनीच्या पानांचा. आणि साठांपैकी चोवीसच्या आसपास पानं जमिनीचीच ठेवण्याची चाल आहे. ड्रॅगनच्या हौसेने जमीन कमी घेणाऱ्याच्या हातात ड्रॅगन असतात, पण जमिनीशिवाय ते उतरवता येत नाहीत. आपल्या संचातही विशेष पानांना साधी पानंच तोलून धरतात.

चित्रं काढण्याआधी वहीच्या कागदाचे तुकडे करून त्यावर ‘ससाणा 7’, ‘बोंड 3’ एवढंच लिहून दहा-बारा डाव खेळावेत. गाव एकाच माणसाकडे ठाण मांडून बसत असेल, तर प्रधानांनाही ते घेता येतं हे खेळणारे विसरत आहेत का ते आधी पाहावं. तसं नसेल तर मगच नियम बदलावा. पक्क्या पानांसाठी छापखान्यातून लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची कात्रणं मिळतात. बांगडी ठेवून गोल आखावा आणि सगळी पानं एकाच कागदाची घ्यावीत; पाठ जरा वेगळी दिसली की तिसऱ्या डावात ते पान सगळ्यांना ओळखू येतं. सावंतवाडीच्या रीतीने करायचं असेल तर चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, वर खडूचा हात द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, मग रंग आणि शेवटी लाख. राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यात कारखाना सुरू केला, म्हणून ती आज पाहायला मिळते. लाख लावल्यावर पानं निसरडी होतात, त्यामुळे पिसताना गोल पानं जमिनीवर पसरून हाताने कालवावीत आणि मग तीन ढीग करावेत.