जहाजं घडवणारं तुर्कू

२७ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतल्या मायामी बंदरातून 'आयकॉन ऑफ द सीज' पहिल्या सफरीवर निघालं, तेव्हा ते जगातलं सर्वांत मोठं प्रवासी जहाज होतं. लांबी ३६५ मीटर, मजले वीस, साडेसात हजार प्रवासी सहज मावतील एवढी जागा. ग्रॉस टनेज २ लाख ४८ हजारांच्या वर. हे टन वजनाचे नव्हेत. जहाजाच्या आत किती बंदिस्त जागा आहे, त्याचं हे माप. 'टायटॅनिक'चं हेच माप ४६ हजारांच्या थोडंसं वर होतं. जहाजावरच्या घसरगुंड्या आणि पोहण्याचे तलाव वाहिन्यांनी भरपूर दाखवले. हे धूड बांधलं कुणी, हा प्रश्न मात्र बातमीत कुठेतरी तळाशी राहिला. ते बांधलं तुर्कूने. फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं हे शहर, वस्ती जेमतेम दोन लाख.

हेलसिंकीहून आगगाडीने सुमारे दोन तासांत तुर्कूला पोचता येतं. फिनलंडमधलं हे सर्वांत जुनं शहर. देश स्वीडनच्या अमलाखाली होता तेव्हा इथला कारभार तुर्कूतून चाले आणि शहराला स्वीडिश नाव होतं 'ओबो'. १८०९मध्ये फिनलंड रशियाच्या झारकडे गेला. स्टॉकहोमच्या इतक्या जवळची राजधानी झारला नको होती. १८१२मध्ये राजधानी हेलसिंकीला हलली. १८२७च्या आगीत शहराचा बहुतेक भाग जळाला आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठही हेलसिंकीला गेलं. एवढं सगळं गेल्यावर दुसरं एखादं गाव कोमेजून गेलं असतं. तुर्कूकडे नदी, समुद्र आणि जहाजं बांधणारे हात उरले, आणि ते पुरले.

नदीचं नाव औरा. पात्र अरुंद, पाणी चिकणमातीमुळे तपकिरी. कॅथेड्रलपासून समुद्राकडे नदीकाठाने चालत जावं. सागरी संग्रहालयाकडे जाण्याची ही उत्तम वाट. काठाला लागलेल्या जुन्या बोटींवर उन्हाळ्यात खानावळी चालतात. पुढे 'फोरी' नावाची बुटकी, पिवळसर तर लागते. १९०४पासून ती या काठावरून त्या काठावर पायी येणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना फुकट नेते. सुरुवातीला वाफेवर चाले, मग डिझेलवर, आता विजेवर. पलीकडे पोचायला दोन-चार मिनिटं पुरतात, तरी एकदा जाऊन परत यावंच. वाटेवरच्या दोरखंडाच्या जुन्या कारखान्यात आता कलामहाविद्यालय भरतं. शेवटी तुर्कूचा किल्ला. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्याचं काम सुरू झालं तेव्हा तो नदीच्या मुखाशी बेटावर होता. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली इथली जमीन अजूनही वर्षाला काही मिलिमीटर वर उचलली जाते आहे. त्यामुळे समुद्र हटत गेला आणि किल्ला कोरड्यावर आला. आपल्याकडे किनारे खचल्याच्याच बातम्या येतात. इथे देशाची जमीन दरवर्षी थोडी वाढते.

किल्ल्याच्या अलीकडे, धान्य साठवण्याच्या जुन्या सरकारी कोठारात 'फोरम मरीनुम' हे सागरी संग्रहालय आहे. विद्यापीठाचा आणि शहराचा असे वेगवेगळे सागरी संग्रह एकत्र आणून ते १९९९मध्ये सुरू झालं. फिनलंडच्या आरमाराच्या वस्तूही इथेच जपल्या आहेत. आत जहाजांच्या प्रतिकृती, वाफेची इंजिनं, टॉर्पेडो, सुकाणूची चाकं असं बरंच काही आहे. बाहेर धक्क्याला लागलेली खरीखुरी जहाजं मात्र त्याहून मोलाची. त्यांतल्या दोन शिडाच्या जहाजांना सर्वांत जास्त वेळ द्यावा.

पहिलं 'सिगिन'. १८८७ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं लाकडी मालवाहू जहाज. महासागरांवर माल वाहणारी अशी लाकडी बार्क जहाजं एकेकाळी प्रत्येक बंदरात दिसत. आज जगात ही एकच शिल्लक आहे. लाकूड, कोळसा, जो मिळेल तो माल वाहून ते थकलं आणि शेवटी फिनलंडच्या ओलांड बेटांवरच्या मालकाकडे आलं. १९३९मध्ये तुर्कूच्या ओबो अकादमी या स्वीडिश भाषक विद्यापीठासाठी ते विकत घेतलं गेलं. जुनं मालवाहू जहाज जपून ठेवावं, हा विचार त्या काळी युरोपातही नवाच होता. राजाची नौका किंवा युद्धनौका लोक जपत. कोळसा वाहणारं जहाज कोण जपतो? 'सिगिन'च्या डेकवर उभं राहिलं की आधी नाकात शिरतो तो पाइनच्या डांबराचा वास. खलाशांची खोली इतकी लहान, की माणसं आळीपाळीने झोपत असतील असंच वाटावं.

या डांबराची कहाणी मुंबईपर्यंत पोचते. लाकडी जहाजाच्या फळ्या आणि दोर कुजू नयेत म्हणून डांबर लागे, आणि फिनलंडच्या जंगलांत पाइनची झाडं मंद जाळून ते काढत. त्याचं मोठं गिऱ्हाईक ब्रिटन. क्रिमियन युद्धात, १८५४मध्ये ब्रिटिश आरमाराने फिनलंडच्या उत्तरेकडल्या राहे आणि औलू बंदरांत घुसून डांबराचे साठे, लाकूड आणि गोदीतली जहाजं जाळली. जळालेल्या मालापैकी काहीचे पैसे इंग्लंडमधल्या व्यापाऱ्यांनी आधीच भरले होते, त्यामुळे लंडनच्या संसदेतही त्यावर बोलणं झालं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकीसमोरच्या स्वेआबोर्ग बेटकिल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. त्या ताफ्यातलं 'कॉर्नवॉलिस' हे जहाज जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधून १८१३मध्ये पाण्यात सोडलं होतं. याच जहाजावर १८४२मध्ये चीनबरोबरचा नानकिंगचा तह झाला. सागवान किती टिकतं याचा यापेक्षा दुसरा पुरावा नको.

दुसरं जहाज 'सुओमेन योउत्सेन', म्हणजे फिनलंडचा हंस. पांढरंशुभ्र, तीन डोलकाठ्यांचं, ९६ मीटर लांब. याचा जन्म १९०२ साली फ्रान्समधल्या सें-नाझेरच्या पेनोएत गोदीत झाला. फ्रेंचांनी त्याला 'लाएनेक' नाव दिलं, पुढे जर्मन मालकांनी 'ओल्डेनबुर्ग' केलं. १९३०मध्ये ते फिनलंडने आरमारी प्रशिक्षणासाठी घेतलं. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत त्याने आठ लांबच्या सफरी केल्या. नव्या देशाचा झेंडा जगातल्या बंदरांना दिसावा, हाही त्यामागचा हेतू होता. फिनलंडला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती. १९६१पासून पुढे बरीच वर्षं ते औराच्या काठाला उभं राहून खलाशांची शाळा म्हणून वापरात होतं. गंमत अशी, की पेनोएतची वारसदार असलेली सें-नाझेरची गोदी आज क्रूझ जहाजांच्या धंद्यात तुर्कूची मोठी स्पर्धक आहे. 'ओअॅसिस' या महाकाय क्रूझ जहाजांच्या मालिकेतली पहिली दोन तुर्कूला बांधली गेली, नंतरची सें-नाझेरला गेली.

तुर्कूतली जहाजबांधणी १७३०च्या दशकापासूनची. आजची गोदी आपला इतिहास १७३७पासून मोजते. १८६२पासून विल्यम क्राइटन या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाने चाललेल्या कारखान्याने इथे लोखंड आणि वाफ आणली. झारच्या आरमारासाठीही त्याने जहाजं बांधली. १९२४मध्ये 'क्राइटन' आणि शेजारची 'वुल्कान' या कंपन्या एकत्र होऊन क्राइटन-वुल्कान तयार झाली, आणि तुर्कूच्या इतिहासातला सर्वांत चमत्कारिक काळ सुरू झाला.

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला पाणबुड्या बांधायला बंदी घातली होती. जर्मनांनी हॉलंडमध्ये एक आरेखन कंपनी थाटली आणि तिच्या नकाशांवर इतर देशांत पाणबुड्या बांधवून घेतल्या. त्यातली एक १९३३मध्ये तुर्कूत तयार झाली. पुढे हिटलरच्या आरमाराने बांधलेल्या छोट्या पाणबुड्यांचा तो नमुना ठरला. ती फिनलंडनेच घेतली, 'वेसिक्को' नावाने. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७च्या पॅरिस तहाने फिनलंडलाच पाणबुड्या बाळगायला बंदी केली. बाकीच्या भंगारात गेल्या. 'वेसिक्को' आज त्याच स्वेआबोर्गवर, म्हणजे आताच्या सुओमेनलिन्ना बेटावर, संग्रहालय म्हणून उभी आहे.

याच गोदीत १९३०च्या दशकात 'वॅइनॅमॉइनेन' आणि 'इल्मारिनेन' या दोन किनारासंरक्षक युद्धनौका बांधल्या गेल्या. नावं 'कालेवाला' महाकाव्यातल्या वीरांची. १३ सप्टेंबर १९४१ रोजी 'इल्मारिनेन' सुरुंगांवर आदळून काही मिनिटांत बुडाली आणि २७१ माणसं गेली. वाचलेल्या १३२ जणांनी स्वतःला 'इल्मारिनेन पोहण्याचं मंडळ' असं नाव दिलं. फिनिश विनोद किती कोरडा असतो, ते इथे कळतं. दुसरी युद्धनौका युद्धातून वाचली आणि १९४७मध्ये सोव्हिएत संघाकडे गेली.

सोव्हिएत संघाविरुद्धच्या युद्धात फिनलंड हरला. नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएत संघाला ३० कोटी डॉलर द्यायचे होते, आणि तेही मालाच्या रूपात: यंत्रं, तारा, लाकूड, कागद आणि जहाजं. अडचण अशी, की फिनलंड लाकूड-कागदाचा देश होता. सोव्हिएतांना हवा होता प्रामुख्याने धातूचा माल. जे करता येत होतं त्यापेक्षा जे करता येत नव्हतं तेच जास्त मागितलं गेलं. मग देशाने कारखाने वाढवले, नवे काढले, माणसं शिकवली. तुर्कूच्या पान्सिओ भागात भरपाईची लाकडी गलबतं बांधण्यासाठी १९४४मध्ये नवी गोदीच उभी राहिली. फिनलंडने भरपाईत दिलेल्या अशाच एका गलबताला लोखंड जवळपास न वापरता सज्ज करून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 'झार्या' नावाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायला जगभर फिरवलं. पुढे रक्कम कमी करण्यात आली आणि १९५२च्या सप्टेंबरात शेवटचा हप्ता गेला. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीला ऑलिम्पिक झालं होतं.

भरपाई संपली तेव्हा फिनलंडजवळ धातूचा मोठा उद्योग होता, आणि कालचा सावकार आजचं गिऱ्हाईक झाला. सोव्हिएत तेलाच्या बदल्यात फिनिश जहाजं असा व्यवहार पुढे कित्येक दशकं चालला. भरपाईने फिनलंडचं भलंच झालं, असं काही लोक चटकन म्हणून टाकतात. मला ते पटत नाही. उपाशी राहून फेडलेल्या कर्जाला वरदान म्हणणं सावकाराला शोभेल, कर्जदाराला नाही. पण त्या आठ वर्षांत शिकलेले वेल्डर आणि आरेखक नसते तर पुढची मोठी जहाजं झाली नसती, हेही नाकारता येत नाही.

जहाजं वाढली तशी औरा नदी अपुरी पडू लागली. १९७०च्या दशकात काम शहराच्या पश्चिमेला पेर्नोच्या मोकळ्या किनाऱ्यावर सरकलं. तिथे ३६५ मीटर लांब आणि ८० मीटर रुंद सुकी गोदी आहे. पोलादी पत्रे कापून त्यांचे भाग, भागांचे मोठे ठोकळे तयार होतात. अवाढव्य क्रेन ते उचलून गोदीत एकावर एक मांडते. सांगाडा झाला की गोदीत पाणी सोडतात आणि जहाज तरंगू लागतं. मग आतली कामं. खोल्या जहाजावर बांधतच नाहीत. जवळच्या पीक्किओ गावातल्या कारखान्यात न्हाणीघर, आरसा, दिवे यांसकट तयार करून त्या अख्ख्या आत सरकवतात.

धंद्याचे दिवस मात्र कायम चांगले राहिले नाहीत. ऑक्टोबर १९८९मध्ये मालक कंपनी 'वार्टसिला मरीन' दिवाळखोरीत गेली, हातातली जहाजं अर्धवट राहिली. गिऱ्हाइकांच्या आणि सरकारच्या मदतीने नवी कंपनी उभी राहिली: 'मासा-यार्ड्स'. मासा हे तिचे प्रमुख मार्टिन सारिकांगास यांचं लाडकं नाव. त्यानंतर नॉर्वेजियन, कोरियन आणि २०१४पासून जर्मन मायर असे मालक बदलत गेले.

अर्धवट राहिलेल्यांतलं 'सिल्या सेरेनेड' १९९०मध्ये पूर्ण झालं. त्याच्या मधोमध दुकानांनी भरलेला, वर काचेचं छत असलेला लांबलचक रस्ता होता, आणि आतल्या खोल्यांच्या खिडक्या समुद्राऐवजी त्या रस्त्यावर उघडत. समुद्र न दिसणारी खोलीही त्यामुळे विकता येऊ लागली. ही कल्पना १९९९मध्ये 'व्हॉयेजर ऑफ द सीज'ने उचलली. २००९च्या 'ओअॅसिस'ने छत काढून तिथे झाडांची बाग लावली. हे जहाज बाल्टिकमधून बाहेर काढताना डेन्मार्कचा ग्रेट बेल्ट पूल आडवा आला. जहाजाची धुराडी आत ओढून घेतली, वेग वाढवून जहाज पाण्यात किंचित खाली बसवलं, आणि रात्री जेमतेम अर्ध्या-पाऊण मीटरच्या फरकाने ते पुलाखालून गेलं.

या जहाजांपुढे मी थक्क होतो, पण त्यांत बसून आठवडा काढावा असं मला वाटत नाही. साडेसात हजार माणसांत समुद्र कुणाला दिसणार? त्यापेक्षा 'सिगिन'चा डेक बरा.

जायचं ठरवलंत तर उन्हाळ्यात जा; शिडाची जहाजं साधारण जून ते ऑगस्टमध्येच आतून पाहता येतात, संग्रहालयाची इमारत मात्र इतर वेळीही खुली असते. ऑक्टोबरमध्ये गेलात तर नदीकाठची हेरिंग माशांची जत्रा मिळेल. बेटांवरची काळी, गोडसर पाव-लादी तिथून जरूर घ्या. परतताना विमानाऐवजी स्टॉकहोमची बोट पकडा आणि रात्रीची नव्हे, सकाळची पकडा. दहा-अकरा तासांच्या प्रवासात कितीतरी तास ती हजारो बेटांच्या मधून जाते. वाटेत ओलांडला थोडा वेळ थांबते, कारण ती बेटं युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेर आहेत आणि तिथे थांबल्याशिवाय बोटीवर करमुक्त दारू विकता येत नाही.