विश्रामस्थळे, वाळवंटी महामार्गांवरील

वाळवंटी प्रदेशातून जाणाऱ्या महामार्गालगत प्रवाशांना थोडा वेळ थांबून विसावा घेता यावा, यासाठी आखलेल्या जागा. सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह व वाहनतळ एवढ्या सोयी तेथे किमान असाव्या लागतात. इराणमधील कारवाँसराई हे त्यांचे जुने रूप होय. त्या बहुधा एका दिवसाच्या वाटचालीच्या अंतरावर बांधीत. मध्ये चौक, भोवती जाड भिंतींच्या खोल्या आणि अनेक ठिकाणी जवळच घुमटाखालील भूमिगत हौद अशी त्यांची रचना असे. मोटारीमुळे मुक्कामाची गरज कमी झाली. ऊन व तहान मात्र कायम राहिली.

आधुनिक विश्रामस्थळांच्या आराखड्यातील अडचणी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना राज्यात स्पष्ट दिसतात. या राज्याचा दक्षिण भाग सोनोरन वाळवंटात मोडतो व उन्हाळ्यात तेथील तापमान कित्येकदा ४५° से.च्या वर जाते. दोन विश्रामस्थळांतील अंतर सामान्यतः तासाभराच्या मोटारप्रवासाइतके असावे, असा संकेत आहे. परंतु प्रत्यक्षात जागा ठरविते ती पाण्याची उपलब्धता. खोल विहिरीस पाणी लागले, तरी ते खारे असल्यास शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. कोरड्या ओढ्यालगतची सपाट जमीन बांधकामास सोयीची वाटते. पण उन्हाळी वादळी पावसाने तेथे अचानक पूर येत असल्याने ती टाळणे आवश्यक असते.

सांडपाण्याचा प्रश्न याहून किचकट आहे. सोनोरन वाळवंटात पुष्कळ ठिकाणी मातीखाली चुन्याने घट्ट झालेला टणक थर आढळतो. त्यातून पाणी नीट मुरत नसल्याने शोषखड्डे निरुपयोगी ठरतात. अशा वेळी सांडपाणी उथळ तळ्यांत साठवून त्याचे बाष्पीभवन होऊ देता येते. रखरखीत हवेचा एवढाच काय तो लाभ.

सावलीसाठी चारी बाजूंनी मोकळा मांडव उभारतात. त्यास तेथे ‘रमादा’ म्हणतात. त्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास दक्षिणेकडील उंच सूर्य छपराने अडविला जातो. दुपारनंतरचे तिरपे ऊन मात्र छपराखालून आत शिरते, म्हणून पश्चिमेस भिंत किंवा जाळी हवी. एकेरी पत्र्याचे छप्पर तापून खाली बसलेल्यांवर उष्णता प्रारित करते. ते दुहेरी करून मधल्या पोकळीत वारा खेळता ठेवणे श्रेयस्कर. धातूची बाके तर टाळलीच पाहिजेत. पालोव्हर्दे व मेस्किट ही स्थानिक झाडे थोड्या पाण्यावर वाढतात. तेथे हिरवळ राखणे म्हणजे पाण्याची उधळपट्टी होय. टेक्सास कॅन्यन येथील विश्रामस्थळ प्रचंड, गोलसर ग्रॅनाइटी शिळांमध्ये वसलेले असून त्यास शोभेच्या बागेची उणीव भासत नाही.

१९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या हद्दीत पेट्रोलपंपादी व्यापारी आस्थापनांस मनाई केली. अशा विक्रीचे उत्पन्न नसल्याने देखभालीचा भार मुख्यत्वे राज्यावर पडतो. आर्थिक टंचाईमुळे ॲरिझोनाने २००९ मध्ये १८ पैकी १३ विश्रामस्थळे बंद केली. त्यांपैकी काही २०१० पासून पुन्हा उघडण्यात आली. गाडी बंद पडून उन्हात अडकलेल्या प्रवाशास अशा ठिकाणचा नळ हाच आधार असू शकतो. म्हणून स्वच्छतागृह बंद ठेवावे लागले, तरी मांडव खुला राहील व उंचावरील टाकीतून एक नळ चालू राहील, अशी स्वतंत्र जोडणी मूळ आराखड्यातच असणे इष्ट होय.