नांगराच्या आधाराने जगणारे तण

इंग्लंडच्या जड चिकणमातीतल्या गव्हात रॅनन्क्युलस आर्वेन्सिस हे फिकट पिवळ्या फुलांचे रानटी बटरकप एकेकाळी शेतकऱ्याच्या डोळ्यांत खुपणारे तण होते. २००५ साली ब्रिटनच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. ते वाचवायला हवे, आणि वाचवायचे तर नांगरटीच्या शेतातच, असे माझे ठाम मत आहे. त्याचे फळ नीट पाहिले की कारण कळते. एका फुलाला जेमतेम ४ ते ८ फळे धरतात; प्रत्येक चपटे, ६ ते ८ मिलिमीटरचे, दोन्ही बाजूंनी काटेरी. शेतातली तांबडी पॉपी एका बोंडात शेकड्यांनी बी देते आणि ते मातीत कित्येक दशके तग धरते. या बटरकपची मदार मात्र मोजक्या, जड फळांवर. ती साधारण गव्हाच्या दाण्याएवढी, त्यामुळे जुन्या चाळणीतून सुटून बियाण्यातच राहत आणि पुढच्या हंगामात शेतकऱ्याच्याच हातून पेरली जात. बियाणे साफ करण्याची यंत्रे सुधारली तशी ही पेरणी थांबली. दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशके आली आणि नत्रखतांवर माजलेल्या दाट पिकाने त्याचे ऊनही अडवले.

हे रोप मुळात ब्रिटनचे नाहीच, प्राचीन काळी शेतीबरोबर आलेले आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण गहू तरी तिथला कुठे आहे? विषारीपणाचा आक्षेप अधिक वजनदार. पान चुरगळले की त्यातून प्रोटोअ‍ॅनिमोनिन हे दाहक द्रव्य तयार होते. कातडीला फोड येतात, ओल्या चाऱ्यातून गुरांच्या पोटात गेले तर आतडी सोलवटतात. काश्मीरच्या गव्हात ते आजही तण आहे आणि तिथे खुरपणी करणाऱ्याने ते उपटावे, यात गैर काहीच नाही. उपद्रव ठरतो तो किती आणि कुठे वाढले यावरून. विरळ उरलेल्या रोपांना तीच शिक्षा देण्याचे कारण नाही.

मग कुंपण घालून एखादा तुकडा राखीव ठेवावा का? तिथे दोन-चार वर्षांत बहुवर्षायू गवत माजेल आणि हे एका हंगामाचे रोप गुदमरेल. हार्टफर्डशरमधल्या रॉदमस्टेड संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३पासून गहू पेरला जातो. त्यातल्या एका पट्ट्यावर तणनाशक कधीच फवारलेले नाही, नांगर मात्र फिरत राहिला. तिथे हे बटरकप टिकून राहिले. बांधालगतच्या कडेला पीक बहुधा कमीच येते. तेवढी कड दर शरदात नांगरायची, खत आणि फवारणी तिथे टाळायची, एवढाच खर्च आहे.